सुभेदारांचा न वाजलेला फोन

आमच्या गटात आम्ही नऊ जण होतो. कुणी कराडचं, कुणी सांगलीचं, एक जण शिराळ्याहून यायचा. महिन्यातल्या एका रविवारी जमायचं आणि एका फोनवर बोलत बसायचं, एवढाच आमचा उद्योग. तो फोन जगभरातले लोक मिळून घडवत होते. त्याची आतली सगळी प्रणाली उघडी होती. कुणीही वाचावी, चूक सापडली तर दुरुस्त करावी. दुकानातल्या फोनसारखा तो गुळगुळीत चालत नसे. कॅमेरा बेताचाच, बँकेचं ॲप उघडायचंच नाही. पण आपल्या खिशातल्या वस्तूच्या आत काय चाललंय ते आपल्याला बघता येतं, याचं आम्हाला वेड लागलं होतं.

मी मलकापूरला राहते आणि तंत्रनिकेतनात संगणक शिकवते. गटात प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच. बाकीचे फोन वापरायचे, काय बिघडलं ते सांगायचे, मराठी शब्द सुचवायचे. सगळ्यांत उत्साही होते ते कोरेगावजवळच्या एका गावातले निवृत्त सुभेदार. सैन्यात त्यांची उमर वायरलेस सेटवर गेलेली. आता वरच्या रानात ऊस होता आणि खिशात हा फोन.

एका रविवारी ते मला म्हणाले, "म्याडम, फोन लय झ्याक हाय, पण दुपारी दोनलाच बॅटरी मान टाकती. आमच्या मंडळींना इन्शुलिन हाय. साखर कवाबी उतरती. मी रानात पाण्यावर असतो. तिनं रिंग दिली की धा मिनटात घरी पोचतो. फोनच मेला तर काय करायचं?"

सांगलीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आमचा एक जण म्हणाला, "काका, मग एक साधा फोन ठेवा की जवळ."

"दोन-दोन फोन कोण संभाळतं गड्या? आन् कुणी इस्वास टाकल्याबिगार त्यो फोन तयार तरी कसा हुणार?"

ते वाक्य मला फार आवडलं. मी घरी येऊन त्याच आठवड्यात कामाला लागले.

फोन खिशात पडून असतो तेव्हा त्याचा बराचसा भाग झोपलेला असतो. टॉवरशी बोलणारा एक भाग तेवढा जागा राहतो आणि कॉल आला की बाकीच्यांना उठवतो. आमच्या फोनला नीट झोपच लागत नव्हती, म्हणून बॅटरी जात होती. मी ती झोप गाढ केली. दोन जाणकारांनी माझा बदल बघितला, बरा वाटला, आणि तो पुढच्या चाचणी आवृत्तीत गेला. बॅटरी दिवसभर टिकायला लागली. इंटरनेटवरच्या आमच्या चर्चापानावर कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी माझे आभार मानले. सुभेदारांनी ती आवृत्ती टाकून घेतली आणि मला कळवलं, "सांजच्यालाबी निम्मी बॅटरी शिल्लक. जितलं म्याडम!"

त्यानंतर दोनच दिवसांनी सांगलीहून बहिणीचा घरच्या फोनवर फोन आला. "तीनदा लावला तुला. रिंग जातेय आणि तू उचलत नाहीस."

तीच आवृत्ती टाकलेला माझा फोन समोर टेबलावरच होता. तो वाजला नव्हता. चुकलेला कॉल म्हणून त्यावर नोंदही नव्हती. मी चर्चापान उघडून तीन ओळी लिहिल्याही. मग वर माझ्या कौतुकाच्या ओळी दिसल्या. रेंजचा घोळ असेल, चार दिवस बघू, असं स्वतःला सांगून मी त्या तीन ओळी पुसून टाकल्या.

चारचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सकाळी तासाला जायच्या आधी मी सहज चर्चापान बघितलं. दूरदेशीच्या एका माणसाने लिहिलं होतं, की फोन जागा दिसतो, रेंज पूर्ण असते, पण कॉल आला तरी वाजत नाही. त्याखाली आणखी दोघांनी लिहिलं होतं, आमचंही तसंच. एकाने नेमका माझा बदल दाखवून विचारलं होतं, हे यामुळे तर नव्हे?

कॉल आल्यावर उठवायची जी वाट होती, तीच माझ्या बदलाने कधीमधी बंद होत होती. मी सुभेदारांना फोन लावला. रिंग गेली. जात राहिली. शेवटी आपोआप तुटली. पुन्हा लावला. तीच रिंग. फोन बंद लागला असता तरी मला एवढी भीती वाटली नसती. ही रिंग फक्त माझ्या कानात वाजत होती आणि तिकडे त्यांच्या खिशात शांतता होती, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. घरून काकूंनी लावला तर त्यांच्याही कानात अशीच वाजणार होती.

काकूंचा नंबर माझ्याकडे नव्हता. गटातल्या सगळ्यांना विचारलं, कुणाकडेच नव्हता. मग मी तास सोडला आणि गाडी काढली.

मसूर, रहिमतपूर करत कोरेगावला जायचा तो रस्ता मी कितीदा तरी गेले असेन. त्या दिवशी तो सरेना. कारखाने सुरू होते. उसाने वाकलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पुढे डुलत होते आणि ओलांडायला वाट मिळत नव्हती. रेल्वेचं फाटक पडलेलं. तिथे थांबल्या थांबल्या मी अकराव्यांदा फोन लावला. शेजारच्या जीपमधला माणूस माझ्याकडे बघायला लागला तेव्हा कळलं, की मी मोठ्याने "उचला, उचला" म्हणतेय. उचलून काही होणार नव्हतं, कारण वाजतच नव्हता, हे मला कळत होतं आणि तरी मी म्हणतच होते.

घर सापडलं. दार सताड उघडं. सोप्यात एक चप्पल उलटी पडलेली, पाण्याचा तांब्या लवंडलेला आणि जमिनीवर साखर सांडलेली. मी "काकू" म्हणून हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई लगबगीने आल्या. "कोण पायजे, ताई? मावशींस्नी दवाखान्यात न्हेलंय. मी सहज डोकावले तर खाली पडल्याल्या. घामानं न्हायलेल्या, बोबडी वळल्याली. साखर चोळली तोंडात. आमच्या मालकांनी जीपमधनं न्हेलं कोरेगावला."

"आणि काका?"

"त्येंना किती फोन लावले! मावशींच्या फोनवरनंबी लावले, माझ्यावरनंबी. उचलतच न्हाईत. आता मीच रानात निघाले हुते."

मी त्यांच्याबरोबर निघाले. बांधावरून चालताना त्या बाई पुढे आणि मी मागे, आणि मला वाटत होतं की हा बांध संपूच नये.

सुभेदार पाटाचं पाणी दुसऱ्या सरीला वळवत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आरं तिच्या! म्याडम, तुमी हिकडं कुठं?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन खिशातून काढून माझ्यासमोर धरला. "ह्यो बघा! सकाळपास्नं रानात हाय, आन् बॅटरी किती? ऐंशी टक्के!"

रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. एकही कॉल चुकल्याची खूण नव्हती.

"काका, चला," मी म्हणाले. "काकूंना दवाखान्यात नेलंय. त्यांनी तुम्हाला फोन लावले होते. हा वाजला नाही. चूक माझी आहे."

त्यांनी फोनकडे बघितलं. मग खोरं तिथंच टाकून, चिखलाच्या पायांनी चालायला लागले. गाडीत ते फोन दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते, आणि दर थोड्या वेळाने बटण दाबून पडदा उजळवत होते.

काकू शुद्धीवर होत्या. हाताला सलाईन, चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून बरं." सुभेदार खाटेच्या कडेला बसले तशी त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "आवं, चारदा लावला. मला वाटलं, तुमालाच काय झालं म्हणून उचलंना."

म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येत असताना त्या नवऱ्यासाठी घाबरल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना, पण पळूनही जाता येईना. मी त्यांना सगळं सांगितलं. बहिणीच्या तीन कॉलचं आणि पुसून टाकलेल्या तीन ओळींचंही. सुभेदारांनी मान खाली घातली. "म्याडम, त्या पानावर लिवलं हुतं की, ही आवृत्ती रोजच्या वापराला न्हाई म्हून. मी वाचलं हुतं. हिला बोललो न्हाई."

काकूंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "तुमी दोगंबी शिकल्याली माणसं," त्या म्हणाल्या. "काय शिकायचं त्ये शिका. पर माझ्या जिवावर न्हाई. मला इचारलं का कुणी?"



दवाखान्याच्या आवारात गाडीत बसून मी चर्चापानावर सगळं लिहिलं. ही चूक मला नऊ दिवस आधी दिसली होती, हेही लिहिलं. माझा बदल तासाभरात मागे घेतला गेला. काहींनी धीर दिला. एकाने सरळ लिहिलं, की गप्प बसणं हे चुकीपेक्षा वाईट. ते मी आजही कधीकधी उघडून वाचते.

पुढच्या रविवारी सांगलीत जमलो तेव्हा दुकानवाला म्हणाला, "हा खेळ बंद करू या. माणूस मेलं असतं." सुभेदार आले होते; एका खिशात साधा बटणांचा फोन, दुसऱ्यात हा. ते म्हणाले, "बंद नको. पर घरच्यांना सांगितल्याबिगार कुणी चाचणीचं काय टाकायचं न्हाई. आन् जवळ दुसरा फोन पायजेच." तेवढं ठरवून आम्ही उठलो.

माझ्या बदलाने ती वाट नेमकी कशी बंद होत होती, ते दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी सापडलं. त्या काळात मी एक ओळही लिहिली नाही. आता काही पाठवायचं झालं की ते आधी मी महिनाभर स्वतःच वापरते, बहिणीला दिवसातून आठ-दहा वेळा फोन लावायला सांगते, आणि एक जरी चुकला तरी आधी पानावर लिहिते. मगच जेवते.

काकू बऱ्या आहेत. माझ्याशी बोलतात, चहा देतात. पण मी त्यांच्या सोप्यात बसले असताना सुभेदारांनी तो फोन बाहेर काढला, की त्या उठून आत जातात.