सत्तर किलोंचा बाहुला

माझ्या डोक्यावर बंब राहतो. म्हणजे वरच्या मजल्यावर अग्निशमन दलातला माणूस राहतो. इमारतीत सगळे त्याला बंबवालाच म्हणतात. मी घड्याळं दुरुस्त करतो, घरीच, खिडकीपाशी. तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी सकाळी सहापासून धपाधप उड्या मारायला लागलं, तर त्याच्या तोंडून जे निघायचं ते निघालं. तिसऱ्या दिवशी मी तावातावाने जिना चढलो.

दार वहिनींनी उघडलं, म्हणजे त्याच्या बायकोने. आत पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला आणि मोकळ्या फरशीवर बंबवाला दंड काढत होता. वय एक्कावन्न, पोट सुटलेलं. फरशीवर घामाचं थारोळं. माझं तोंडातलं भांडण तोंडातच राहिलं.

धापा टाकत त्यानेच सगळं सांगितलं. महिन्याभराने दलाची परीक्षा होती. खांद्यावर वजन घेऊन बैठका, लगेच दंड, लगेच दोरीवरच्या उड्या, मग पायरीवर चढ-उतार, आणि शेवटी सत्तर किलोंचा बाहुला जमिनीवरून उचलून खांद्यावर टाकायचा आणि वीस पावलं चालायचं. मधे श्वास घ्यायलाही उसंत नाही. अशा तीन फेऱ्या, नऊ मिनिटांत. जमलं तर गाडीवर, नाही तर निवृत्त होईपर्यंत नियंत्रण कक्षात फोनवर.

मी म्हटलं, मग बसा की फोनवर, पगार तोच आणि गुडघे शाबूत. शहाणपणा शिकवायला आपलं काय जातं?

तो भिंतीला टेकून बसला. मग त्याने गेल्या हिवाळ्यातली गोष्ट काढली. धुराने भरलेल्या खोलीत त्याला एक म्हातारी सापडली आणि ती त्याला उचलेना. मागून आलेल्या दोघा तरण्यांनी तिला बाहेर काढलं, ती वाचलीही. पण ते येईपर्यंत हा तिच्याशेजारी नुसता गुडघ्यांवर बसून होता.

"काका, फोनवर माणसं ओरडतात," तो म्हणाला. "मी पत्ता लिहून घ्यायचा आणि खुर्चीत बसून राहायचं? मला वेड लागेल."

गेलो होतो भांडायला आणि नोकरीला लागून आलो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी स्टॉपवॉच घेऊन वर हजर. खांद्यावर गोणीऐवजी पाण्याचा कॅन, पायरीऐवजी स्टूल आणि बाहुल्याच्या जागी वहिनी. वजन काट्यावर बरोबर सत्तर. यांनी पंचवीस वर्षं माझ्या वजनावरून टोमणे मारले, आता तेच कामाला आलं, असं म्हणत त्या सतरंजीवर आडव्या व्हायच्या.

पहिल्या दिवशी तेरा मिनिटं लागली. दुसऱ्या फेरीनंतर तो न्हाणीघरात जाऊन ओकला, तोंड पुसून परत आला आणि कॅन उचलला. संपल्यावर चहाचा कप त्याच्या हातात ठरेना. वहिनींनी तो त्याच्या ओठांशी धरला. रोज हेच. गुडघ्याला पट्टा आला, तळहातांची सालं निघाली. बारा मिनिटं, अकरा, साडेदहा. तिसऱ्या आठवड्यात गाडी नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर येऊन अडली ती अडलीच. रोज माझ्याकडे वळून "किती?" विचारताना त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

मग एका सकाळी मला ते दिसलं. तो वाकला, वहिनींच्या काखेत हात घातले, आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याने फरशीला हळूच रेटा दिला. त्यांचा हात त्याच्या मानेमागे घट्ट बसला. जेमतेम केसाएवढी हालचाल, पण माझा जन्म असल्याच हालचाली बघण्यात गेलाय. वहिनींची आणि माझी नजरानजर झाली. मी बोललो नाही. त्या दिवसापासून वेळ भराभर उतरू लागली.

आणि मी तरी कोणता हरिश्चंद्र? चाळीस वर्षांत मी कुणाला अर्धा सेकंद खोटा दिला नाही. शेवटच्या आठवड्यात घड्याळात नऊ-सहा झाले होते आणि मी म्हणालो, "नऊ पूर्ण." तो रडला. दुसऱ्या दिवशी मी आठ-पंचावन्न सांगितले.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तो परतला तो माझ्या दारावरून सरळ वर गेला. मी मागोमाग गेलो. बूटही न काढता तो फरशीवर बसला होता. त्याने सांगितलं, पहिल्या फेरीत बाहुला कसाबसा खांद्यावर आला. दुसऱ्या फेरीत कमरेपर्यंत येऊन निसटला, मग पुन्हा निसटला, आणि नऊ मिनिटांची शिट्टी वाजली तेव्हा हा त्याच्याशेजारी गुडघ्यांवर होता. आठ दिवसांनी आणखी एक संधी होती, शेवटची.

"वजन तेवढंच होतं गं," तो वहिनींना म्हणाला. "मग का नाही उठला तो?"

वहिनींनी पदराने तोंड झाकलं आणि सांगून टाकलं. तुमचे हाल बघवत नव्हते हो, म्हणून पाय रेटत होते. मग मीही माझे सेकंद सांगितले. वाटलं, आता हा मला जिन्यावरून ढकलणार. त्याने ढकललं असतं तर बरं झालं असतं. 

पण तो उठला आणि त्याने सतरंजी अंथरली.

"झोप," तो म्हणाला. "अंग टाकून दे. काका, घड्याळ खरं लावा."

वहिनी आडव्या झाल्या, डोळे मिटले, हात सैल सोडले. मी बटण दाबलं. तो वाकला. त्या कमरेपर्यंत आल्या आणि निसटल्या. पुन्हा वाकला, पुन्हा निसटल्या. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, पण अंगठा हलला नाही. तिसऱ्या खेपेला तो त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि उठेना. दोन मिनिटं होऊन गेली.

"थांबवू का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तिथे धुरात कोण थांबवणार आहे?"

आणि त्याने पुन्हा त्यांच्या काखेत हात घातले.