रिकामा रकाना

सुहासिनीबेन नायक वह्या वाचायच्या. तपासणीला आलेलं माणूस वह्या वाचणारच, त्यात काय नवल, असं कुणालाही वाटेल. पण गॅसच्या धंद्यात चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. पहिलं पान, शेवटचं पान, मधलं एखादं चाळायचं, शिक्का उठवायचा आणि जेवायला उठायचं, अशा तपासनिसांची कंपन्यांना सवय झालेली. सुहासिनीबेन मात्र पहिल्या ओळीपासून बसायच्या. वलसाडकडच्या अनाविल ब्राह्मण, बोलणं सरळसोट, आवाज खणखणीत, आणि कमरेला स्वतःचं गॅस मोजायचं यंत्र लटकवलेलं. सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं.

त्या मे महिन्यात त्या भरूच जिल्ह्यातल्या कांटसरला आल्या. गाव बेताचंच, पण अकरा हजार चुलींना जमिनीखालच्या नळीतून गॅस. त्या नळीवरून रोज पायी फिरून कुठे गळती नाही ना हे बघायला कंपनीनं पाच माणसं ठेवली होती. सगळे त्यांना लाइनवाले म्हणत. पाच लाइनवाले, पाच वह्या.

चार वह्या एका साच्यातून काढल्यासारख्या. खोदकाम: नाही. खुणेचा दगड: जागेवर. वास: नाही. वास: नाही. वास: नाही. पाचवी उघडली आणि बेनच्या कपाळाला आठी पडली. वासाचा रकाना कोरा. काल कोरा, परवा कोरा. त्यांनी मागच्या वर्षीची वही मागवली, तिथेही तेच. दुपारपर्यंत नऊ वर्षांच्या नऊ वह्या टेबलावर आल्या. वासाच्या रकान्यात शाईचा ठिपका नाही. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत भलतंच काही भरलेलं. ‘टाकीमागे ध्रो पिवळी, चार हात.’ ध्रो म्हणजे हरळी. ‘शाळेच्या कुंपणातला तिसरा लिंबडा शेंड्याकडून वाळतोय, बाकीचे ठीक.’ ‘सहा नंबर खांबापाशी माती निळसर.’

"हा माणूस लाइन चालतो की माळीकाम करतो?" त्यांनी विचारलं.

समोर कंपनीचा सुरक्षा अधिकारी केतुल गज्जर बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट. तो हसला. "गुमानकाका आहेत मॅडम. गुमान वसावा. जुने आहेत. जरा तऱ्हेवाईक."

"तऱ्हेवाईक चालेल, कामचुकार नाही चालणार. रोज वास बघून नोंद करायची, असा नियम आहे. नऊ वर्षांत तुमच्यापैकी कुणी ही वही उघडली होती का?"

केतुलनं वर पंख्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी मी याच्याबरोबर चालणार. आणि त्याला आधी सांगायचं नाही."

गुमानभाई चोपन्न वर्षांचे, शेवग्याच्या शेंगेसारखे काटकुळे. निळा शर्ट, टायरच्या चपला, खांद्यावर अणकुचीदार लोखंडी सळई. सकाळी कचेरीच्या फाटकाशी बेनना पाहून ते चपापले, पण बोलले एवढंच, "ऊन फार आहे बेन. डोक्याला काही घ्या."

"मला सवय आहे. तुम्ही चाला."

ते चालायला लागले. मागे बेन, त्यामागे घाम पुसत केतुल. पहिल्या व्हॉल्व्हपाशी गुमानभाईंनी झाकण उचललं, बाटलीतलं साबणाचं पाणी सांध्यावर ओतलं आणि उकिडवं बसून बघत राहिले.

"वास घ्या ना," बेन म्हणाल्या.

"बुडबुडा नाही बेन."

"मी वास विचारतेय."

"साबण खोटं बोलत नाही," असं पुटपुटत त्यांनी झाकण लावलं आणि पुढची वाट धरली. बेननी मनात नोंद केली: टाळतोय.

पुढचे दोन तास त्यांनी या माणसाला एकदाही मान वर करताना पाहिलं नाही. नजर जमिनीवर. मधेच थांबायचा, वाकून चिमूटभर माती बोटांत चुरायचा, पुढे निघायचा. उन्हानं काळी जमीन इतकी भेगाळली होती की भेगेत मनगट जावं. साडेदहाच्या सुमाराला ते वृंदावन सोसायटीत शिरले. महिन्यापूर्वीच गल्लीत नवंकोरं काँक्रीट झालेलं. टोकाला सोसायटीची वाडी, म्हणजे लग्नमुंजीचा हॉल. मागच्या अंगणात दोन मोठ्या शेगड्यांवर पापडाचं पीठ, खिचू, वाफवत होतं आणि वाडीत तीसेक बायका पाट-लाटणी घेऊन बसल्या होत्या. गप्पांचा कल्ला रस्त्यापर्यंत येत होता.

वाडीच्या भिंतीलगत बारमासीची ओळ होती, गुलाबी फुलांची. गुमानभाई तिथे थबकले. कोपऱ्यातल्या पाच झाडांनी माना टाकल्या होत्या.

"ऊन लागलं असेल," केतुल म्हणाला.

"ऊन काय नावं विचारून लागतं साहेब? बाकीची वीस टवटवीत आहेत." त्यांनी मुळाशी बोट घातलं. "पाणी घातलंय. माती ओली आहे. मग मेली कशानं?"

काँक्रीट संपून माती सुरू होत होती तिथे त्यांनी सळई रोवली, हातभर खोल घातली, उपसली. "बेन, तुमचं यंत्र."

बेननी यंत्राची नळी त्या भोकात सोडली. आकडा हलला. बारा. तीस. शेहेचाळीस. भोकातल्या हवेत जवळपास निम्मा गॅस होता. बेन गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी नाक थेट भोकाला लावलं. ओल्या मातीचा वास आला. बस, तेवढाच.

"वासच नाही!" शेजारी वाकलेला केतुल म्हणाला. "मॅडम, यंत्र बिघडलं असेल."

बेनच्या अंगावर सर्रकन काटा आला. जमिनीच्या पोटातून काढलेल्या गॅसला मुळात वास नसतो. माणसाला कळावं म्हणून कंपनीच्या गॅस स्टेशनावर त्यात तो उग्र वास मिसळतात. पण गॅस बरेच दिवस चिकण मातीतून झिरपत राहिला, तर माती तो वास स्वतःकडे ठेवून घेते आणि गॅस सोवळा होऊन बाहेर पडतो. हे त्यांनी वाचलं होतं, शिकवलंही होतं. सव्वीस वर्षांत समोर कधी आलं नव्हतं. वर काँक्रीट, त्यामुळे गॅसला वर जायला वाट नाही. तो आडवा सरकत गेला होता. आणि आडवी होती ती वाडी.

गुमानभाई एव्हाना अंगणात पोचले होते. "दिवाळीबेन, शेगड्या बंद करा. सगळ्या बाहेर. रस्त्यापलीकडे."

दिवाळीबेन म्हणजे त्या पापडसेनेच्या सेनापती. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काय झालं? वासबीस काही नाही. खिचू उतरायच्या बेतात आहे, कढतकढत खाऊन जा."

"आधी बंद करा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"अहो, पाच किलो पीठ आहे! फुकट गेलं तर तुमची कंपनी भरून देणार?"

"पीठ पुन्हा मळता येईल, दिवाळीबेन. तुम्ही पुन्हा कुठून आणू?"

त्या माणसानं आवाज चढवला नव्हता. तरी दिवाळीबेननी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही शेगड्या बंद केल्या. मग आत वळून त्यांनी अशी काही हाळी दिली की तीस बायका पिठाच्या हातांनी उठल्या.

बेन त्या कोपऱ्याला लागून असलेल्या कोठीच्या खोलीशी आल्या. दार बंद होतं. त्यांनी दाराखालच्या फटीतून नळी आत सारली. दीड टक्का. दोन टक्के. पाचाला भडका उडतो. एक टक्का असतानाच साध्या माणसाला वास आला पाहिजे, असं नियम सांगतो. आणि त्यांना दोन टक्क्यांना पिठाच्या वाफेखेरीज काही येत नव्हतं. खोली मोकळी केली पाहिजे, हवा बाहेर फेकली पाहिजे. दाराच्या चौकटीशी, आतली हवा ओढणाऱ्या पंख्याचं बटण होतं. त्यांचा हात आपसूक वर गेला.

मनगटावर पकड बसली. सांडशीसारखी.

"बेन. बटण नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोट बटणापासून दोन इंचांवर होतं. गॅस असेल तिथे दिवा, पंखा, घंटी, कशालाही हात लावायचा नाही. जे चालू ते चालू, जे बंद ते बंद. किती गावांच्या कंपन्यांना त्यांनी हे वाक्य भिंतीवर रंगवून घ्यायला लावलं होतं! गुमानभाईंनी हात सोडला आणि मान खाली घालून म्हणाले, "माफ करा, हात धरला."

आत जुना फ्रिज होता, आपला आपण चालू-बंद होणारा. वाडीतलं मुख्य बटणही पाडायचं नाही, लांबच्या खांबावरून अख्ख्या गल्लीची वीज काढायची, हेही त्यांनीच सांगितलं. केतुलनं खिशातून फोन काढला तसं त्यांनी नुसतं बोट दाखवलं, "रस्त्यापलीकडे जाऊन, साहेब." केतुल पळाला. गुमानभाईंनी कुणालाही स्कूटर सुरू करू दिली नाही. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका मोपेडला बाजूला ढकलून त्यांनी तिच्याखालचं व्हॉल्व्हचं झाकण उघडलं, चावी घातली, व्हॉल्व्ह फिरवला. वीजही गेली. मग दारं-खिडक्या उघडून सगळे लांब उभे राहिले. बेन पाच-पाच मिनिटांनी यंत्र वाचत होत्या. दीड. एक. अर्धा. शून्य.

दुपारी काँक्रीट फोडलं तेव्हा खाली पिवळी नळी सापडली. काँक्रीटच्या ठेकेदाराच्या माणसाची पहार लागून तिला बोटभर चीर गेलेली.

रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली दिवाळीबेननी खिचूच्या वाट्या फिरवल्या, वरून तेलाची धार. "घ्या, गार झालंय, पण आपण सगळ्या गरम आहोत ना!" बायका हसल्या, दोघी-तिघी हसता हसता रडल्या. बेन वाटी घेऊन गुमानभाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"वासाचा रकाना कोरा का ठेवता?"

गुमानभाईंनी घास गिळला.

"मला वास येत नाही बेन. कशाचाच." एकोणिसाव्या वर्षी ते रंगाच्या कारखान्यात लागले होते. सात वर्षं. घरी येताना कधी अंग लाल, कधी पिवळं. नाक कधी गेलं ते कळलंच नाही. मुलगी झाली, तेव्हा बायको म्हणाली, हिच्या टाळूचा वास घेऊन बघा, किती गोड आहे. त्यांनी नाक टेकवलं आणि काहीच आलं नाही. तेव्हा कळलं. "पुढं हे काम मिळालं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोट होतं. पण ‘वास: नाही’ असं कसं लिहू? वास मला नाही. जमिनीला आहे की नाही, ते मला काय ठाऊक? म्हणून कोरं ठेवलं. म्हटलं, कुणी वाचलं तर विचारील."

नऊ वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

"नाक नाही म्हटल्यावर डोळ्यांना जुंपलं," ते म्हणाले. "माझा बाप कापूस लावायचा. पान कशानं मान टाकतं, ते त्यानं शिकवलं होतं."

ज्या गॅसला वास नाही, तो ज्याला नाक नाही त्यानं शोधला होता. भोकावर वाकलेली दोन धडधाकट नाकं यंत्रालाच खोटं पाडायला निघाली होती. पण पुढचं बेनना बोलणं भाग होतं, आणि त्या आडून बोलणाऱ्या नव्हत्या.

"मला हे लिहावं लागेल, गुमानभाई. वास न येणारा माणूस एकटा लाइन चालतो, हे नियमाबाहेर आहे."

"लिहा. खरं आहे ते."

दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यांना लाइनवरून काढून फाटकावर बसवलं. बेन नऊ वह्या घेऊन वलसाडला परतल्या. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर एका बाजूला त्या वह्या आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या दुरुस्तीच्या नोंदी मांडून जुळवत राहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात सुकलेल्या झाडाझुडपांच्या एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यातल्या तेहेतीस ठिकाणी गळती निघाली होती. काही ठिकाणी साबणाच्या पाण्यानं गुमानभाईंनी स्वतःच पकडून दिली होती. पण अकरा ठिकाणी त्यांनी ‘ध्रो पिवळी’ लिहिल्यावर कुणाला वास यायला कुठे तीन महिने लागले होते, कुठे पाच. शेवटचा आकडा जुळला तेव्हा बेन उठल्या आणि ओट्याशी जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. एवढं सगळं लिहिलेलं होतं. रोज. नीट अक्षरात.

अहवालात त्यांनी दोन्ही लिहिलं, गुमानभाईंचं नाकही आणि त्यांच्या वह्यांतले आकडेही. काही झाकलं नाही. त्या अहवालावरच्या सुनावणीत कंपनीचे वकील म्हणाले, "म्हणजे मॅडमचं म्हणणं, आता आम्ही नाकं नसलेली माणसं भरती करावी?" सगळे हसले.

"नाही," बेन म्हणाल्या. "माझं म्हणणं, तुमच्या सगळ्या नियमांचा भार एकट्या नाकावर आहे. आणि माती ते नाक बंद करू शकते. मी स्वतः त्या दिवशी बटणाला हात घातला होता, तेही अहवालात आहे. पान सात." मग कुणी हसलं नाही.

अकरा आठवडे गुमानभाई फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत बसले. नंतर हुकूम आला. लाइनवाले जोडीनं चालतील. दोघांतल्या एकाचं नाक दरवर्षी तपासलं जाईल. प्रत्येक जोडीकडे यंत्र असेल. आणि गवत-झाडांची नोंद सक्तीची. ती कशी करायची हे सांगणारी चार पानं गुमानभाईंनी सांगितली आणि केतुलनं खाली बसून उतरवून घेतली. एका वाक्याला तीनदा खोडून.

श्रावण संपता संपता आसपासच्या शहरांतले तीस इंजिनिअर कांटसरला शिकायला आले. गावाबाहेरच्या मैदानात, सूर्य नुकता वर आलेला, गवत जेमतेम बोटभर. गुमानभाई मधे उभे, हात कुठे ठेवावेत ते न कळून मागे बांधलेले.

"आडवे व्हा," ते म्हणाले.

"काका, चिखल आहे!" कुणीतरी ओरडलं.

"उभ्यानं दिसत नाही साहेब. जमिनीला गाल लावा आणि सूर्याकडे बघा."

सगळ्यांत आधी सुहासिनीबेन आडव्या झाल्या. बावन्न वर्षांचं शरीर, सुती साडी, चष्मा सावरत. मग नाइलाजानं एकेक करत तिसाच्या तीस. क्षणभर नुसतं गवत दिसलं. मग नजर बसली, आणि बेननी श्वास रोखला. हिरव्यातून एक गडद हिरवी पट्टी सरळ रेषेत मैदान चिरत चालली होती, क्षितिजापर्यंत. खाली पुरलेली नळी, जशीच्या तशी, गवतानं वर काढून दाखवलेली. केतुलचा शर्ट चिखलानं माखला होता आणि तो हनुवटी मातीत टेकवून बघत होता.

"आता लांब, डावीकडे," गुमानभाई हळूच म्हणाले. "तिथे थोडं फिकं दिसतंय बघा. हातभर. काय असेल, मलाही ठाऊक नाही. चला, जाऊन बघू."