सासऱ्यांचं घड्याळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगितलं असतं तर हे लिहायला मी उरलो असतो का? तुम्ही लांबचे, तोंडावर काही बोलणार नाही, म्हणून सांगतो.

मी बोरी बुद्रुकचा, फौजेतून निवृत्त झालेला. कळंबचा नामदेव माझ्याच पलटणीत होता. एकदा आम्ही बरोबरच सुट्टीवर निघालो. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. घरी पोचलो, तर मनगट मोकळं! बायकोनं पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "घड्याळ कुठंय?"

काय सांगणार? गाडीत मी रम घेतली होती — थोडी नव्हे — आणि भोपाळनंतरचं काही आठवत नव्हतं. हे सासऱ्यांच्या लेकीला सांगायचं? तोंडात आलं ते बोललो — नामदेवनं मारलं.

झालं. पुढे नारायणगावला आम्हा माजी सैनिकांचं दरवर्षी जेवण व्हायचं. नामदेव पंगतीत शेजारी बसला की मी मोठ्यानं म्हणायचो, घड्याळं खिशात घाला रे. सगळे हसायचे. तोही हसायचा — मान खाली घालून. पंचवीस वर्षं मी हा एकच विनोद केला, आणि दरवेळी मला तो नवा वाटला.

मग दोन वर्षांपूर्वी — इथं हात थांबतो — विहिरीवरची मोटार बिघडली. तिच्यावर माझा जुना होल्डॉल, बिछाना गुंडाळायचा तो जाड कॅनव्हासचा, झाकण म्हणून कैक वर्षं पडलेला. उचलला, तर उशाकडच्या दुपदरी कापडात काहीतरी कडक लागलं. उसवलं. मोज्यात गुंडाळलेलं घड्याळ! टाके माझ्याच हातचे — फौजेत कवायतीपेक्षा माझं शिवणकाम बरं होतं. गाडीत चोर असतात म्हणून मीच ते आत शिवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

त्याच दिवशी कळंब गाठायला हवं होतं ना? मोटारसायकलवर तासभरही लागत नाही. मी गेलो नाही. घड्याळ बियाण्याच्या डब्यात लपवलं. लाज वाटली, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे — तो विनोद सोडवेना.

गेल्या महिन्यात नामदेव स्वतः आला. गुडघ्यावर हात टेकत ओट्यावर बसला आणि पिशवीतून नवंकोरं घड्याळ काढलं.

"तुजं घड्याळ म्या घेतलं न्हाई, राव. पर आता नात लग्नाची झाली. पावण्यांच्या कानावर हे जायला नको. हे घे, आन मिटव."

बियाण्याचा डबा आत, दहा पावलांवर होता. उठलो का मी? मी हात पुढं केला. पट्टाही त्यानंच बांधला.

तो गेल्यावर दारातून बायको म्हणाली, "बगा, शेवटी चोरानं कबूल केलंच की!"

मी म्हणालो, हं.

संध्याकाळपर्यंत ते साऱ्या बोरीत झालं. मी कुणाला अडवलं नाही. घड्याळ बघायला आलेल्यांपुढे मनगट मात्र धरलं.