हॅझल्डिनच्या रानातून आरपार

मेरियल प्रॉसर ही काही भांडणारी बाई नव्हती. थॉर्नबॅच गावातल्या निम्म्या खिडक्यांना तिच्या हातचे पडदे होते, पण शिलाईत खोट काढणाऱ्या गिऱ्हाइकाला तिनं कधी उलट शब्द ऐकवला नव्हता. बेकरीतून करपलेला पाव आला तरी ती मुकाट्यानं घरी आणायची आणि काळा भाग खरवडून खायची. भांडायचं खातं नवऱ्याकडे, विल्फकडे होतं. तो गेल्यापासून ते कुणीच सांभाळत नव्हतं.

अशी ही बाई मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हॅझल्डिनच्या रानाच्या फाटकाशी एकटीच उभी होती. फाटकावर नवी पाटी होती : खासगी जागा. आत येऊ नये. कुत्री मोकळी असतात.

मे महिन्यात ब्लूबेलची निळी रानफुलं फुलली की अख्खं गाव या रानातून चालत जायचं. चर्चच्या बाजूनं आत शिरायचं, बीचच्या झाडांखालून उतरत जायचं आणि पलीकडे मिल लेनवर निघायचं. मेरियलला तिच्या आईनं बाबागाडीतून नेलं होतं. पुढे हॅलम नावाच्या माणसानं मोठ्या वाडीसकट हे रान विकत घेतलं, शिकारीसाठी फेझंट पक्षी पाळले आणि इथं कधी वाट नव्हतीच असं जाहीर केलं. प्रकरण सरकारी चौकशीला जाणार होतं. वाट वापरातली आहे हे ठरायला तोवर लोकांनी उघडपणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायला हवं होतं. अर्ध्यातून परतलेला माणूस हिशेबात धरला जाणार नव्हता. आणि आदल्या वर्षी जे गेले, त्या सगळ्यांना रानाच्या राखणदारानं अर्ध्यातूनच परत पाठवलं होतं.

यंदा कोण जाणार, असं गावच्या सभेत विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मेरियलची मैत्रीण नेस्टा टिमिस उठून म्हणाली, "मी आणि मेरियल जाऊ." मेरियलला कुणी विचारलंच नाही.

आणि आज सकाळी नेस्टाचा फोन आला होता.

"अगं, मोजे घालायला वाकले आणि तशीच राहिले. पाठ सरळच होत नाहीये."

"मग पुढच्या रविवारी जाऊ," मेरियल घाईघाईनं म्हणाली.

"पुढच्या रविवारी फुलं गेलेली असतील. फुलं बघायला आलोय असं सांगायचंय ना आपल्याला? मग काय शेवाळं बघायला आलोय म्हणून सांगणार?"

"नेस्टा, मला एकटीला नाही जमायचं."

"चालायचंच तर आहे. आणि तू इतकी वाळकी आहेस की कुत्रीसुद्धा वास घेऊन सोडून देतील."

मेरियलनं फाटकाची कडी काढली, आत शिरली आणि कडी पुन्हा नीट लावून घेतली.

रान निळं झालं होतं. झाडांच्या बुंध्यांमधून निळा रंग पाण्यासारखा पसरला होता, आणि ओलसर जागी रानलसणाचा उग्र वास भरला होता. हे सगळं मेरियलला नंतर आठवावं लागलं, कारण त्या वेळी तिचे कान मागे लागलेले होते. थोडं आत गेल्यावर शीळ ऐकू आली. हेझलच्या झुडपांमागून दोन काळी कुत्री आली, आणि त्यांच्यामागून राखणदार. तिशीचा असेल. दुनळी बंदूक त्यानं मधून उघडून दंडावर टाकली होती. त्याचं नाव कीरन बीव्हन हे तिला ऐकून माहीत होतं.

"कुठं निघालात?"

"मिल लेनला."

"इथून रस्ता नाही."

"आहे," मेरियल म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला खाकरून पुन्हा म्हणावं लागलं, "आहे."

"हे बघा बाई, मी तुम्हाला हात लावणार नाही. पण परत फिरा."

"आणि नाही फिरले तर?"

"तर तुमच्या मागे चालेन."

ती चालू लागली. तो मागून येत राहिला. त्यानं शिवी दिली असती, ओरडला असता, तर तिनं कदाचित माघार घेतली असती. पण तो काहीच बोलत नव्हता. बुटांखाली काटकी मोडल्याचा आवाज, एका कुत्र्याचा गरम श्वास तिच्या पोटरीवर, मध्येच बंदुकीच्या पट्ट्याची करकर. ती थांबली की तो थांबायचा. तिची पावलं भरभर पडू लागली की त्याचीही पडायची. आपण घसरून पडलो तर हा उचलेल की नुसता उभा राहील, एवढा एकच विचार डोक्यात फिरत राहिला.

"भीती नाही वाटत?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"वाटते."

त्याच्या कमरेचा वायरलेस खरखरला. हॅलमचा आवाज होता : फाटक उघडल्याचं माळ्यानं पाहिलंय, कोण आहे? "बघतो," कीरन म्हणाला आणि बटण बंद केलं.

रान संपत आलं. झाडांच्या फटीतून मिल लेनचं डांबर दिसू लागलं आणि मेरियलच्या जिवात जरा जीव आला. मग तिला पलीकडचं फाटक दिसलं. त्याला साखळी होती, साखळीला कुलूप, आणि वरपासून खालपर्यंत काटेरी तार गुंडाळलेली. शेजारी कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या होत्या, त्या करवतीनं कापून टाकल्या होत्या. कापलेलं लाकूड अजून पिवळंधमक होतं.

"हे कधी केलं?"

"परवा. मालकांनी सांगितलं म्हणून."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग मला इथवर येऊ का दिलंत?"

"मला वाटलं, तुम्ही आपण होऊन फिराल."

मेरियलला राग आला. तो इतका अनोळखी होता की आधी तिला छातीत काही दुखतंय असंच वाटलं. ती काही न बोलता कुंपणाच्या कडेनं चालू लागली. काटेरी झुडपांच्या त्या दाट कुंपणाखालून बिळात राहणाऱ्या बिज्जूंनी माती उकरून येण्याजाण्याची वाट केली होती. ती गुडघ्यांवर बसली, मग पोटावर झोपली, आणि डोकं आत घातलं.

"अहो बाई, काय करताय?"

खांद्यांपर्यंत ती गेली. मग कुंपणाच्या आत ताणलेली तार तिच्या कोटात रुतली, आणि पुढं सरकावं तशी अधिकच रुतत गेली. एक काटा तळहातात घुसला. चेहरा मातीत होता. रस्ता हातभर पुढं होता, त्यावरचे खडे दिसत होते. तिला पुढं जाता येईना की मागं.

वायरलेस पुन्हा खरखरला. "बीव्हन, मी गाडी घेऊन येतोय तिकडं. ती बाई कुठाय?"

कीरननं उत्तर दिलं नाही. तो तिच्या पायांशी गुडघे टेकून बसल्याचं तिला जाणवलं. मग त्याचा हात तिच्या कोटावर आला. एक हिसका दिला असता तर ती रानात परत आली असती, आणि सगळं फुकट गेलं असतं.

"मागं नको ओढूस," ती मातीतच बोलली. "कोट फाड हवं तर. पण मागं नको."

"हलू नका."

"ऐकतोयस ना? मागं नको."

"हलू नका म्हटलं ना. तार डोळ्याशी आहे तुमच्या."

रानातून गाडीचं इंजिन ऐकू येऊ लागलं. पाठीवर चाकूची कड सरकली, कापड टरकलं. मग तार वर उचलली गेली, आणि तो दुसऱ्या हातानं तिच्या बुटांचे तळवे ढकलू लागला. पुढं. ती खरचटत, माती गिळत, मिल लेनच्या कडेच्या गवतात जाऊन पडली.

तिथून उठायचं त्राण तिच्यात नव्हतं. कुंपणापलीकडे गाडीचं दार आपटलं.

"कुठं गेली?" हॅलमचा आवाज.

"गेली."

"कुठून?"

"पलीकडं."

"आणि तू बघत बसलास?"

"अडकली होती. काढली."

"मग अलीकडं काढायची."

मग कीरन म्हणाला, "तोंड पलीकडं होतं तिचं."

मेरियल उठली, थोडं चालली, आणि एका दगडी भिंतीला धरून ओकली. नेस्टानं वाकूनच आपलं दार उघडलं तेव्हा तिच्या अर्ध्या कोटाकडे बघून ती बोलायचंच विसरली.

पुढच्या रविवारी गावातले बरेच जण पलीकडचं कुंपण ओलांडायला शिडी घेऊन गेले. फुलं मलूल झाली होती, पण कुणी अडवलं नाही, कारण अडवायला कुणी नव्हतं. कीरनला त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. नोकरीबरोबर राखणदाराचं घरही गेलं. बायको आणि लहान मुलगी घेऊन तो लडलो गावी राहायला गेला, हे मेरियलला पोस्टात कळलं. ती तिकिटं न घेताच घरी आली.

चौकशी झाली. मेरियलनं तिथं घडलं ते सगळं सांगितलं, कोट कुणी फाडला तेही. निकाल गावाच्या बाजूनं लागला. सभागृहात केक कापला गेला, मेरियलच्या नावानं टाळ्या वाजल्या. ती मात्र त्या दिवशी बस पकडून लडलोला, कीरन कामाला होता त्या लाकडाच्या वखारीत गेली होती.

कीरन फळ्या रचत होता. त्यानं तिला ओळखलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"माझ्यामुळं तुझी नोकरी गेली," ती म्हणाली.

"काट्यात अडकलेलं मेंढरूसुद्धा सोडवतो माणूस. तुमच्यासाठी खास काही केलं नाही मी."

"तरीपण."

"माझी बायको तुमच्याबद्दल बोलते अजून. चांगलं नाही बोलत."

"तिनं बोलायलाच हवं."

त्यानं एक फळी ठेवली, दुसरी उचलली. "वाट मिळाली म्हणे."

"मिळाली."

"म्हणजे आता कुणीही जाऊ शकतं?"

"कुणीही."

"पोरीला दाखवीन एकदा. तिथं राहत होतो तेव्हा सवड नाही झाली कधी. मे महिना म्हणजे फेझंटच्या पिल्लांचे दिवस."

तो येईल असं मेरियलला वाटलं नव्हतं. पण पुढच्या मेमध्ये आला. चर्चजवळ गाडी लावली, मुलीला खांद्यावर घेतलं, फाटकाशी उभ्या मेरियलकडे बघून मान हलवली आणि आत गेला. बायको गाडीतच बसून राहिली, काच वर करून. मेरियलनं घरी निघून जायचं ठरवलं आणि गेली नाही. गाडीपासून थोड्या अंतरावर ती उभी राहिली. खूप वेळानं काच चार बोटं खाली आली.

"आत चिखल आहे?"

"आहे थोडा."

"मी बूट नाही आणले."

"माझे होतील का बघा तुम्हाला," मेरियल म्हणाली.

बाईनं तिच्या पायांकडे पाहिलं, मग समोर. "नको," ती म्हणाली. पण काच तिनं पुन्हा वर केली नाही. दोघी तशाच, एक आत आणि एक बाहेर, रानातून ती दोघं परत येईपर्यंत थांबून राहिल्या.