माठातलं चमचाभर नर्मदेचं पाणी

लढाईच्या त्या वर्षी जबलपूरच्या एका फॅक्टरी वसाहतीतल्या शाळेत मला नोकरी लागली. लहान मुलांचे वर्ग घ्यायचे, एवढंच सांगितलं होतं. पण खेळाचे मास्तर मूळचे फौजेतले. त्यांना परत बोलावणं आलं आणि त्यांचा बास्केटबॉल माझ्या गळ्यात पडला. सोबत आरोग्याचा तासही. मोठ्या बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, त्यात काय, पाणी उकळायला शिकवा आणि चेंडू टाकायला शिकवा. पहिलं मला येत होतं. दुसऱ्यासाठी मास्तरांच्या कपाटात नियमांचं एक पातळ पुस्तक होतं. ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोक्यावरून गेलं.

मैदानातल्या कडुलिंबाला फॅक्टरीतल्या कुणीतरी लोखंडी कडं ठोकून दिलं होतं. चेंडू धरून पळायचं नाही, टप्पे देत जायचं, असं मी घसा फोडून सांगायची. तिसरीतली एक मुलगी, आमच्यासारख्याच मराठी घरातली, चेंडू पोटाशी कवटाळून सरळ झाडाकडे सुटायची. अडवलं की विचारायची, "बहनजी, हातात आला हाये, त सोडायचा काहून?"

नियम आहे, असं म्हणून मी शिट्टी फुंकायची. शिट्टी तेवढी मला छान जमायची.

पाण्याच्या बाबतीत मात्र माझा तोरा वेगळा होता. पावसाळ्यापासून वसाहतीत कावीळ फिरत होती. शिपाईण रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायची आणि निवलं की माठात भरायची. बुडबुडे आले की शंभर आकडे मोजायचे, पाणी ओगराळ्यानेच काढायचं, हात बुडवायचा नाही, हे पोरांना तोंडपाठ झालं होतं. माठाची राखण मी त्या मुलीकडेच दिली. तेवढा वेळ तरी ती प्रश्न विचारणार नाही, असा माझा हिशेब. तो चुकला.

कारण त्याच माठात मी रोज चमचाभर नर्मदेचं पाणी घालत होते. आई दर सोमवारी ग्वारीघाटावरून लोटा भरून आणायची. आमच्या घरी कुठल्याही चांगल्या कामाआधी ते पाणी चमचाभर तरी पोटात जायचंच. वर्गातल्या बहुतेकांचे वडील दारूगोळ्याच्या खात्यात होते, महिनोन्महिने डबल शिफ्ट करत होते. अपघात झाला की फॅक्टरीचा भोंगा अवेळी वाजायचा आणि सगळा वर्ग पेन्सिली खाली ठेवून दाराकडे बघायचा. त्या पोरांसाठी मी आणखी काय करणार होते?

एकदा त्या मुलीने चमचा पाहिला. हे उकळलेलं आहे का, तिने विचारलं.

"नर्मदामैयाला उकळत नसतात," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. माझं एखादं उत्तर तिला पटल्याची ती पहिलीच वेळ होती आणि मी दिवसभर खुशीत होते.

संक्रांतीच्या सुमारास तिला कावीळ झाली. चांगलीच झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं. नळाचं पाणी असेल, चाटवाल्याचं असेल, नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बाकीचा वर्ग ठणठणीत होता, तोही तेच पाणी पीत होता. या विचाराने मला बरं वाटायचं. मग आठवायचं की माठापाशी सगळ्यात जास्त वेळ तीच असायची. मी चमचा बंद केला, तर भोंगा वाजला की मीही दाराकडे बघायला लागले. घातला तर पोरांची काळजी, न घातला तर त्यांच्या वडिलांची. मला धड झोप लागेना, धड शिकवता येईना. लढाई संपली होती, डबल शिफ्ट संपली नव्हती.

शेवटी एका रविवारी मी तिच्या घरी गेले, सगळं सांगून टाकायला. ती खाटेवर पडून होती, डोळे अजून पिवळे. तिच्या आईसमोर मी चमच्याचं सगळं एका दमात बोलून टाकलं आणि मान खाली घातली.

"मले माहीत हाये. पोरगी रोज सांगत होती," आई म्हणाली. "म्हणून त वाचली, बहनजी. आमच्या घरचं मैयाचं पाणी सरलं. हे तीन दिवसांपासून फॅक्टरीतच हायेत, घाटावर जाणार कोण? थोडं आणून द्याल?"

शिव्या खायची तयारी करून गेले होते. याची तयारी नव्हती. आमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी गेले आणि लोटा घेऊन आले. तिने हात पुढे केले, पण माझ्याने तो सोडवेना.

"आधी उकळू या," मी म्हटलं.

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली. खाटेवरून मुलगी म्हणाली, "पण मैयाले उकळत नाहीत ना, बहनजी? तुम्हीच त सांगतलं होतं."

शिट्टी शाळेत होती.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं.

तिच्या आईने लोट्याला नमस्कार केला, मीही केला, आणि तिने स्टोव्ह पेटवला. पाण्याला बुडबुडे आले. मुलीने पडल्या पडल्या आकडे मोजायला सुरुवात केली.