टेकडीची चावी

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. चौकाच्या मधोमध लोखंडी झाकण उघडं पडलंय. खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेला एक म्हातारा, हातात पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायची पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. एक काळी मोटार येऊन थांबते. समोरचा घड्याळजी उठतो आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो.

म्हाताऱ्याला सगळं शहर फेरेमामा म्हणायचं. कुठल्या गल्लीचं पाणी किती फेऱ्यांनी सुटतं आणि किती फेऱ्यांनी तुटतं, हे फक्त त्याच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. थोरल्या साहेबांची शिस्तच तशी. त्यांनी चाळीस वर्षं शहर मुठीत ठेवलं, त्यातली एकतीस मामाच्या हातांनी. ज्या गल्लीनं मत दिलं नाही तिचं पाणी तीन दिवस तुटायचं. बायका विचारायला आल्या की मामा मान हलवायचा, "वरूनच प्रेशर नाही हो!" चौथ्या दिवशी थोरले साहेब स्वतः टँकरवर उभे राहून यायचे, हात जोडलेले, डोळे भरलेले. काय ते काम! भल्याभल्या नटांनी शिकावं. पुढच्या निवडणुकीत त्याच बायका रांगेत सर्वांत पुढे.

बदल्यात मामाला पंपघरामागे दोन खोल्या मिळाल्या, आईविना वाढणाऱ्या लेकीला चांगल्या शाळेत जागा मिळाली. माणूस वाईट नव्हता हो. तीन दिवसांत कोणी मरत नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो निवांत झोपायचा.

आता थोरले राहिले नव्हते. मोटारीतून उतरले ते धाकटे. परवाच्या निवडणुकीत टेकडीवर त्यांचा माणूस सपाटून पडला होता.

"मामा, टेकडी बंद करा."

"किती दिवस, साहेब?"

"दिवस कसले मोजताय? खाली येऊन पाय धरेपर्यंत."

"थोरले साहेब चौथ्या दिवशी टँकर..."

"बाबांना नाटकं आवडायची. मला नाही आवडत."

मामानं कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, टेकडीवर माझी लेक दिलीय. बाळंत होऊन आठवडा झालाय."

धाकटे हसले. "मग आणा की तिला खाली. दोन खोल्या आहेत तुमच्याकडे." मग अगदी हळू म्हणाले, "अजून तरी आहेत."

मामा खड्ड्यातून वर आला. हुकूम मिळाल्यावर जन्मात पहिल्यांदाच त्यानं चावी हातातून खाली ठेवली.

"माझ्यानं नाही व्हायचं."

धाकट्यांनी ड्रायव्हरला नुसती मान हलवून खूण केली. पैलवान गडी, खड्ड्यात उतरला, चावी बसवली आणि उजवीकडे पिळायला लागला.

"अरे, ती उलटी आहे! डावीकडे बंद होते ती!" मामा ओरडला.

"तुम्ही गप्प बसा," धाकटे म्हणाले.

ड्रायव्हरनं सगळा भार टाकला. खड्ड्यात हाड मोडल्यासारखा आवाज झाला. व्हॉल्व्हचा दांडा तुटला, आतली झडप खाली पडून घट्ट बसली. आता रस्ता खणल्याशिवाय टेकडीला थेंब मिळणार नव्हता, म्हणजे पंधरा दिवस तरी गेलेच. मामानं तसं सांगितलं. धाकट्यांनी चौकभर नजर फिरवली.

"मामांच्या हातून मोडलं हे. सगळ्यांनी पाहिलंय ना?"

घड्याळजीनं उरलेलं शटर खाली ओढलं.

मामानं पंपघरातून दोन कॅन भरून घेतले आणि टेकडी चढायला लागला. मध्ये कुठेही थांबला नाही. लेकीच्या दारासमोरचा नळ नुसता फुसफुसत होता आणि त्याभोवती बादल्या घेऊन बायका उभ्या होत्या. एकीनं टोमणा मारला, "या मामा! वरूनच प्रेशर नाही ना?" बाकीच्या हसल्या.

मामा हसला नाही. त्यानं कॅन उंबऱ्याच्या आत सरकवले.

"प्रेशर कायम होतं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं पाणी मी तोडत होतो. थोरल्यांच्या सांगण्यावरून. आज मी नाही म्हणालो, म्हणून धाकट्यांनी ड्रायव्हरकडून व्हॉल्व्ह मोडला."

एका बादलीची कडी खडखडली. खालच्या वळणावर काळी मोटार दिसली. तिच्यामागे आणखी दोन.

बाळाला खांद्यावर घेऊन लेक दारात आली. "बाबा, काय झालं हो?"

मामानं मोटारींकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि मग लेकीकडे.

"दार लावून घे, पोरी. आतून कडी घाल, आणि त्यांनी मला हाक मारायला लावली तरी उघडू नकोस."