पाटीवर साडेसहाशे

सर्व सग्यासोयऱ्यांना व हितचिंतकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, श्रीगोंद्यातल्या आमच्या ताईच्या घरी पॉवर सप्लाय निवडण्याचा प्रसंग उद्भवला होता. मी मामा या नात्याने हजर होतो. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना मनापासून मान डोलावता आली.

भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने स्वतःच्या हाताने गेमिंगचा कॉम्प्युटर जोडत आणला होता. आत दोन ग्राफिक्स कार्डं: एक गेम चालवणार, दुसरं तो गेम त्याच वेळी लोकांना थेट दाखवणार. रविवारी एका ऑनलाइन टीमच्या निवडीचा सामना होता. जागा एकच. खेळताना मशीन बंद पडलं तर खेळाडू बाद. वर्षभर पोरगी या एका सामन्यासाठी झटत होती. आता फक्त पॉवर सप्लाय यायचा राहिला होता, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटून देणारा पत्र्याचा डबा.

“हजार वॉटचा लागेल, पप्पा,” ती म्हणाली. “दोन्ही कार्डं एकदम जोर लावतात, त्याला जागा ठेवावी लागते.”

दाजींचं पाणबुडी मोटारींचं दुकान आहे. वीज हा विषय निघाला की घरातले बाकीचे सगळे श्रोते. ते नगरला माल आणायला गेले आणि येताना साडेसहाशे वॉटचा डबा घेऊन आले.

“पप्पा, हजार म्हटलं होतं मी!”

“आगं, पाटीवर साडेसहाशे हाय. आत हजार असनारच की.”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

दाजींचा हिशेब हवेतला नव्हता. आमच्याकडे शेतीपंपाचं बिल पाटीवरच्या हॉर्सपॉवरवर येतं. त्यामुळे मोटार साडेसातची असली तरी तिच्यावर पाटी पाचाची मारून घ्यायची, अशी रीत पडली. पाटीवर लिहिलेलं खरं असतं, असं म्हणणाऱ्याला आमच्या शिवारात कोणी मुलगी देणार नाही. दाजींनी सगळी हयात अशा मोटारींत काढलेली. विनम्र पाटी आणि आत दांडगा गडी, हीच त्यांची यंत्राची व्याख्या.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. गेम उघडला. पडद्यावर डोंगर आले, गाडी आली, धूर आला. दोन्ही कार्डांनी एकदम जोर लावला, आतून ‘टक्’ असा आवाज झाला आणि सगळं काळं.

“लाइट गेली,” दाजी म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. भाचीने नुसतं वर बोट केलं.

“मग डीपीवर लोड आला आसंल.”

“पप्पा, उद्या मॅच आहे,” ती एवढंच म्हणाली. तिने आदळआपट केली असती तर दाजींना सोपं गेलं असतं.

आम्ही तिघं नगरला गेलो. दुकानदाराने दाजींचं मोटारींवरचं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, पंपाचं मला माहीत नाही. यात लिहिलंय तेवढंच मिळतं. हलक्या मालात तर तेवढंही मिळत नाही. हा डबा चांगला, म्हणून स्वतः बंद पडला. हलका असता तर दोन्ही कार्डं घेऊन गेला असता.”

कार्डं जळाली असती हे ऐकून भाचीचा चेहरा उतरला. दाजींनी हजाराचा डबा उचलला, हातावर तोलला आणि म्हणाले, “वजन तर हाय.”

रविवारी दाजींनी घरातला फ्रिज, पंखे, ताईचा मिक्सर, सगळं बंद केलं. लोड नको. आम्ही घामाने निथळत बसलो. भाची हेडफोन लावून खेळत होती आणि दाजी तिच्या मागे उभं राहून कॉम्प्युटरच्या पत्र्यावर तळहात टेकवून होते. मोटार तापली का, ते असंच बघतात. अवघड वळणावर कार्डांचे पंखे घोंघावले. ताईने डोळे मिटून घेतले. मी दाजींचा हात पाहत होतो, तो हलला नाही. ‘टक्’ झालं नाही.

सामना संपला. हेडफोनमध्ये कोणी काहीतरी बोललं आणि भाची खुर्चीतून उडालीच. “घेतलं! मला घेतलं!”

ताई रडायला लागली. माइक चालूच होता आणि सामना बघणारे सगळे अजून ऐकत होते. दाजींनी पत्र्यावरचा हात काढला, छाती पुढे काढली आणि ओरडले, “म्हनलं न्हवतं म्या? पाटी हजाराची हाय, आत पंधराशे हायत!”